नळी निघाल्यानंतर

प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला येणारे लोक दोन गोष्टी विचारतात. खर्च किती आला, आणि गाठ साधी होती का दुसरी. लघवी गळते का, हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी खरं उत्तर मिळत नाही, कारण पुरुषमाणूस ओल्या पायजम्याचं बोलत नसतो. आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात हा विषय निघालाच तर अंधार पडल्यावर, पारावर निघतो, आणि तोही दुसऱ्या कुणाचा म्हणून.

माझी प्रोस्टेटची ग्रंथी कर्करोगामुळं मुळासकट काढली. त्याला वर्ष उलटून गेलं. सारा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, त्यामुळं नोंदी ठेवायची आणि मुद्दे मांडायची खोड आहे. ऑपरेशन ठरलेल्यांचे, त्यांच्या मुलांचे, जावयांचे फोन येतात. त्यांना जे सांगतो तेच इथं क्रमानं लिहितो. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचं नाव आणि डोस माझ्याकडून घेऊ नका.

१. ऑपरेशन कुठलं झालं, ते नीट विचारून घ्या

प्रोस्टेटचं ऑपरेशन म्हणून लोक दोन निराळ्या गोष्टी एकाच टोपलीत घालतात. वय झालं की ग्रंथी फुगते, लघवी अडते. तेव्हा दुर्बिणीतून किंवा लेझरनं आतला वाढलेला भाग काढतात आणि बाहेरचं कवच ठेवतात. दुर्बिणीच्या या ऑपरेशनला डॉक्टर टीयूआरपी म्हणतात. त्यात लघवीसाठी घातलेली नळी बहुधा दोन-तीन दिवसांत निघते. मग काही आठवडे आग होते, घाई होते, मोरीपर्यंत पोचायच्या आत थोडी सुटते. पण कायमची गळती शंभरात एखाद्यालाच राहते, किंवा तेवढ्यांनाही नाही.

कर्करोगात अख्खी ग्रंथी काढतात आणि मूत्राशयाचं तोंड खाली मूत्रनळीला टाके घालून जोडतात. तो जोड भरून येईपर्यंत आठवडा-दोन आठवडे नळी ठेवावी लागते. ती काढली की बहुतेकांना गळतं. लघवी अडवायला शरीरात वाड्यासारखी दोन दारं असतात. आतलं मूत्राशयाच्या तोंडाशी असतं, ते आपोआप मिटतं, आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. बाहेरचं ग्रंथीच्या खाली असतं, ते आपण मुद्दाम आवळू शकतो. ग्रंथीबरोबर आतल्या दाराचा बराचसा भाग जातो आणि सगळा भार बाहेरच्या दारावर पडतो. त्याला ताकद यायला महिने लागतात. बहुतेकांची गळती तीन महिने ते वर्षभरात आटोक्यात येते. थोड्यांची राहते, त्यांच्याबद्दल पुढं लिहिलं आहे.

हे आधी समजलेलं असलं की शेजाऱ्याशी तुलना होत नाही. आमच्या आळीतल्या एका पाव्हण्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन माझ्याच सुमारास झालं होतं. तो पंधरवड्यात मोटारसायकलवर हिंडायला लागला आणि माझ्या घरी येऊन म्हणाला, "गुरुजी, तुम्ही मनानं घेतलंय." त्याच्यावर रागवायचं काय? त्याला दुसरं ऑपरेशन असतं हेच ठाऊक नव्हतं.

२. नळी काढायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका

दवाखान्यात पाच मिनिटांत नळी निघते आणि त्यानंतर घरापर्यंतचा प्रवास आपला आपल्यालाच करायचा असतो. पिशवीत मोठ्या माणसांचे तीन-चार डायपर, दोन ढिल्ले गडद रंगाचे पायजमे, एक जुना टॉवेल, ओले कपडे ठेवायला जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि गाडीच्या सीटवर घालायला रबरी कापड एवढं घ्या. नळी निघाल्यावर लघवी स्वतःहून होते का, हे दवाखान्यातच बघून मग निघा. घरी गादीवर लहान बाळासाठी घालतात तसलं रबर आणि त्यावर जुन्या साडीची घडी आधीच टाकून ठेवायला सांगा. म्हणजे सुनेपुढं, नातवंडांपुढं धावपळ होत नाही.

पहिल्या दिवशी धारच लागल्यासारखं वाटतं. घाबरू नका. कोरडं व्हायचा साधारण एक क्रम असतो: आधी रात्र कोरडी जाते, कारण आडवं पडल्यावर दाब कमी असतो. मग बसल्या जागी थांबते. चालताना, वाकताना, मांडी घालून बसलेलं उठताना गळणं सगळ्यात शेवटी जातं. आणि सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त गळतं, स्नायू दिवसभरात दमतो म्हणून. कीर्तनाला बसलेला माणूस उठताना का ओला होतो, त्याचं कोडं मला यातून सुटलं.

३. स्नायू आधी सापडला पाहिजे

सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते या मुद्द्यावर. डॉक्टर घाईत "केगल करा" म्हणतात, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूचा व्यायाम, कागदावर लिहून देतात, आणि माणूस घरी येऊन पोट आवळत बसतो. पोट आवळलं की मूत्राशयावर दाब येतो आणि उलट जास्त गळतं.

स्नायू असा शोधा. चार माणसांत बसला आहात आणि वारा सरायला लागला, तो तुम्ही कसा दाबून धरता? तीच ती ओढ, गुदद्वाराच्या पुढची, आत आणि वर. पोट सैल, मांड्या सैल, ढुंगण सैल, श्वास चालू. आरशासमोर उघडं उभं राहून केलं तर बरोबर आवळल्यावर लिंग किंचित आत ओढलं जातं आणि अंडकोष वर उचलले जातात. हे लिहायला मला संकोच वाटत नाही, वाचणाऱ्यालाही वाटू नये. लघवीची धार मध्येच तोडून स्नायू ओळखता येतो, पण ती फक्त ओळख पटवायची परीक्षा आहे. रोज धार तोडायची सवय लावली तर मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही.

मला दिलेला पाठ असा होता: पाच सेकंद आवळायचं, तितकाच वेळ सैल सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीन वेळा. आधी निजून, मग बसून, मग उभ्यानं. जमेल तसं दहा सेकंदांपर्यंत न्यायचं. अधूनमधून झटकन आवळून झटकन सोडायचं, कारण खोकला काही सांगून येत नाही. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं आहे. दिवसभर आवळून बसणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांचा स्नायू संध्याकाळी पार गळाठतो. आणि नळी आत असताना हा व्यायाम करायचा नसतो. ऑपरेशनच्या आधी काही आठवडे शिकून घ्यावा, नळी असेपर्यंत थांबावं, ती निघाली की डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करावा. ऑपरेशन व्हायचं असेल तर आजच एखाद्या फिजिओथेरपिस्टकडं जाऊन या. नंतर सुजलेल्या, दुखऱ्या अंगानं तो स्नायू शोधणं फार अवघड जातं.

खरी युक्ती व्यायामापेक्षा वापरात आहे. खोकायच्या आधी, शिंकायच्या आधी, खुर्चीतून उठायच्या आधी, घागर उचलायच्या आधी एकदा आवळायचं आणि मग ते काम करायचं. हे अंगवळणी पडलं की निम्मं काम होतं.

आमच्याकडं कुणी योगाचं नाव काढलं की लगेच ऐकतात, म्हणून हेही सांगतो. हठयोगप्रदीपिकेतला मूलबंध आणि योगवर्गात शिकवतात ती अश्विनी मुद्रा या हालचाली याच भागातल्या आहेत. ज्यांना त्या येतात त्यांना स्नायू लवकर सापडतो. मात्र कुंभक लावून, श्वास कोंडून करायचा हा प्रकार नव्हे.

४. चहा तोडा, पाणी तोडू नका

गळतं म्हणून पाणी बंद करणारे बरेच लोक असतात. लघवी दाट झाली की मूत्राशयाला चुरचुरते, घाई वाढते, जंतू धरतात आणि शौचाला खडा होतो. बद्धकोष्ठ झालं की कुंथावं लागतं, कुंथलं की तोच दमलेला स्नायू आणखी ताणतो. दिवसभरात थोडं थोडं करून दीड-दोन लिटर पाणी जाऊ द्या. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात त्याहून जास्त लागेल. फक्त झोपायच्या आधी दोन तास हात आखडता घ्या. ज्यांना हृदयाचा, किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र आपलं माप डॉक्टरांकडूनच घ्यावं.

चहाचं निराळं आहे. बीड जिल्ह्यात माणूस घरी आला की चहा, गेला की चहा, मयतीला चहा, सोयरिकीला चहा. चहातलं कॅफिन लघवीची घाई वाढवतं. मी पाव्हण्याला चहा देतो आणि स्वतः पातळ ताक घेतो, तेही दुपारीच. दारू आणि कॉफीलाही हाच नियम. तंबाखू, विडीनं खोकला लागतो आणि प्रत्येक खोकल्याला किंमत मोजावी लागते. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भिजवलेले मनुके, एवढ्यावर पोट साफ राहतं. ब्लडप्रेशरची लघवी जास्त करणारी गोळी चालू असेल तर ती कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. साखर वाढलेली असेल तर लघवी वाढणारच, तिथं व्यायामाला दोष देऊ नये.

५. वही ठेवा

मास्तर आहे, म्हणणारच. पण तीन दिवसांची नोंद डॉक्टरांपुढं ठेवली की दहा मिनिटांचं बोलणं वाचतं. किती वाजता किती पाणी प्यालं, किती वाजता लघवी केली, कधी सुटली आणि तेव्हा काय करत होतो: खोकलो, उठलो, का नुसती घाई झाली. उठताना-खोकताना गळणं आणि घाईनं गळणं हे दोन निराळे त्रास आहेत, त्यांचे उपायही निराळे. घाईच्या त्रासाला कधी कधी गोळ्या देतात. त्यातल्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, वयस्कर माणसाला गोंधळल्यासारखंही होतं, म्हणून मेडिकलवाल्याला विचारून त्या घ्यायच्या नाहीत.

गळती मोजायचीही सोपी रीत आहे. कोरडं पॅड ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या वजनकाट्यावर तोला, ओलं झाल्यावर पुन्हा तोला. जितके ग्रॅम जास्त तितके साधारण मिलिलिटर. डोळ्याला काहीच फरक दिसत नसतो तेव्हा काटा फरक दाखवतो, आणि त्या दिवसांत माणसाला त्याचीच गरज असते. काटा मात्र स्वयंपाकघरातला घेऊ नका. घरात महाभारत होईल.

६. डायपर, पॅड आणि धोतराचा तुकडा

सुरुवातीला पूर्ण डायपर लागतो. दहाच्या पुड्याला तीन-चारशे रुपये जातात आणि दिवसाला तीन-चार लागले तर महिन्याचा हिशोब निवृत्तिवेतनातसुद्धा जाणवतो, मजुरी करणाऱ्याचं तर बोलायलाच नको. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून किंवा सत्तरी ओलांडलेल्यांच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर ऑपरेशनचा मोठा भार हलका होऊ शकतो, पण घरी आल्यावरचा हा खर्च आपल्याच खिशातून होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे खरं. सॅनिटरी नॅपकिनवरचा कर जुलै २०१८ मध्ये पूर्ण गेला होता. बायकांनी आवाज उठवला म्हणून तो गेला. म्हाताऱ्यांनी कधी आवाज उठवला नाही, कारण डायपर लागतो हे कबूल कोण करणार?

गळती कमी झाली की डायपर सोडा. पुरुषांसाठी पुढच्या बाजूला बसणारं छोटं पॅड मिळतं, तालुक्याला नसलं तरी मागवता येतं. ते घट्ट चड्डीत किंवा लंगोटात नीट बसतं, ढगळ पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत ते गुडघ्याशी येतं. घरी असताना मी जुन्या सुती धोतराचे चौकोनी तुकडे घडी करून वापरले. मऊ असतात, धुता येतात, उन्हात कडक वाळवता येतात. बाहेर जाताना मात्र पॅडच बरं.

कातडीकडं लक्ष द्या. आपल्या उन्हाळ्यात ओलं पॅड तासन्‌तास तसंच राहिलं की जांघा सोलवटतात. कोमट पाण्यानं धुवा, घासू नका, टिपून कोरडं करा, वरून पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर लावा. पावडर भुरभुरवू नका, तिचे खडे होतात. खाज सुटून गोल चट्टे उठले तर ते बुरशीचं असू शकतं. मेडिकलमधून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली तीन-चार औषधांची मलमं त्यावर लावली तर दोन दिवस बरं वाटतं आणि मग चट्टा मांडीभर पसरतो.

लांबच्या कामाला कंडोम कॅथेटर म्हणून एक साधन मिळतं, बाहेरून बसवायचं, नळी मांडीला बांधलेल्या पिशवीत. लिंगाला लावायचा चिमटाही असतो, पण तो डॉक्टरांनी बसवून दाखवल्याशिवाय वापरू नये, दोनेक तासांत सोडावाच, आणि रात्री झोपताना कधीच लावू नये.

७. धुणं कोण धुतं, तेही बघा

या जिल्ह्यात अनेक गावांना उन्हाळ्यात टँकरचं पाणी. दोन घागरींचा हिशोब चालतो तिथं दिवसाला चार पायजमे, दोन चादरी जास्तीच्या निघाल्या तर त्या कुणाच्या अंगावर पडतात? लेखात पाण्याचं महत्त्व वगैरे लिहिणाऱ्या पुरुषांनी हे धुणं एकदा मोजावं. माझं मी धुवायचं असं ठरवलं. बसून, स्टुलावर, जड बादली न उचलता. मोरीत एक वेगळी बादली, त्यात थोडं डिटर्जंट. सौ.ला ते पहिल्यांदा अपमानासारखं वाटलं, शेजारणी काय म्हणतील म्हणून.

मग एका दुपारी मी व्यायामाचा कागद वाचत होतो. ती गहू निवडत होती. म्हणाली, "अहो, धाकट्याच्या बाळंतपणापासनं मलाबी खोकलं की होतंय की."

एवढी वर्षं! मी विचारलं, बोलली का नाहीस? तिनं मान वर न करता सांगितलं, "कुणाला सांगायचं? बायकांचं असतंच."

ज्यांच्या नावानं हे व्यायाम ओळखले जातात ते अर्नोल्ड केगल हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४८ मध्ये त्यांनी हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर लघवीवरचा ताबा सुटलेल्या बायकांसाठी. पुरुषांनी ते पुढं उचलले. म्हणजे ज्यांच्यासाठी शोध लागला त्यांच्यापर्यंत आमच्या गावात तो पोचलाच नाही आणि माझ्यापर्यंत छापील कागदावर पोचला.

आणि आपल्या जिल्ह्यात हा विषय घराच्या उंबऱ्यात थांबत नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे इथून लाखो माणसं ऊसतोडीला जातात, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. डोक्यावर मोळी, खाडा पडला की दंड, फडात मोरी नाही. या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या तरुण वयातच काढल्या जातात, हे प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत ऐंशी हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. बाळंतपणं, जड ओझं, पिशवीचं ऑपरेशन, या सगळ्यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडायची शक्यता वाढते. त्यातल्या किती जणींची लघवी गळते, हे मोजायला वही घेऊन कोण गेलं? माझ्यासारख्याला ऑपरेशन झालं, कागद मिळाला, काटा मिळाला. आता आमच्या घरात तो कागद दोघांचा आहे. सौ.चा स्नायू माझ्या आधी सापडला, हेही नोंदवून ठेवतो.

८. प्रवास

पहिले सहा आठवडे मोटारसायकल, सायकल, ट्रॅक्टर नाही. खड्ड्याचा प्रत्येक धक्का थेट मूत्राशयाच्या त्या जोडावर येतो. एसटीत पंच्याहत्तरी गाठलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट प्रवास आहे आणि पासष्टपासून पुढं निम्मं तिकीट, पण आपली अडचण तिकिटाची नसते. केजहून बीडला जाताना नेकनूर, मांजरसुंब्यापर्यंत कसंबसं निभतं, घाटात गाडी अडकली की जीव खालीवर होतो.

माझे नियम साधे आहेत. निघायच्या आधी घरी लघवी, बसस्थानकावर पुन्हा, लागली नसली तरी. दाराजवळची कडेची जागा. कंडक्टरला चढतानाच हळू आवाजात सांगायचं, "ऑपरेशन झालंय, मधी थांबावं लागंल." आजवर एकाही कंडक्टरनं तोंड वाकडं केलेलं नाही. गडद पॅन्ट, वरून लांब सदरा बाहेर सोडलेला. पिशवीत एक पॅड, एक पायजमा, पाण्याची बाटली, ओलं पॅड गुंडाळायला चार कागद. लग्नाला जायचं तर अक्षता पडायच्या वेळी जायचं, सकाळपासून मांडवात बसायचं नाही. बसून लघवी केली तर मूत्राशय नीट रिकामं होतं. झाल्यावर अंडकोषांच्या मागच्या बाजूला बोटानं हलकेच पुढं दाबत आणलं की नळीत राहिलेले दोन-चार थेंब तिथंच निघतात, पायजम्यात नंतर पडत नाहीत.

९. देवाचं काय

गळतं म्हणून नारायणगडाची वारी सोडलेले, घरातली पूजा पोराकडं सोपवलेले लोक मला माहीत आहेत. सोवळ्याचं शास्त्र मला कळत नाही. मी स्वच्छ पॅड लावतो, हातपाय धुतो आणि एकादशीला जातो. माझे एक जुने सहकारी शिक्षक आहेत, नमाजी माणूस. त्यांनाही दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर काही दिवस थेंब जायचे. त्यांच्या मौलवींनी सांगितलं की ज्याची लघवी थांबतच नाही तो माजूर, म्हणजे त्याला सवलत. त्यानं प्रत्येक नमाजच्या वेळेला नव्यानं वुजू करावं, म्हणजे हातपाय-तोंड धुवावं, आणि नमाज पढावी, मधल्या थेंबानं ती मोडत नाही. त्यांच्याकडं या दुखण्याची सोय शेकडो वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली आहे. आपल्याकडं ती आपणच लावून घ्यायची.

१०. लपवाछपवी मोठ्यांनाही सुटली नाही

अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांचं डिसेंबर २०२३ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. १ जानेवारी २०२४ ला मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गानं ते पुन्हा दवाखान्यात दाखल झाले आणि काही दिवस खुद्द राष्ट्राध्यक्षांनाही त्याची खबर नव्हती. जगातली सगळ्यात बलाढ्य फौज ज्याच्या हाताखाली, त्याचीही ही गत. त्याच महिन्यात ब्रिटनचे राजे चार्ल्स यांनी आपल्या वाढलेल्या प्रोस्टेटवर उपचार होणार असल्याचं जाहीर केलं, तर तिथल्या आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर प्रोस्टेटची माहिती वाचणाऱ्यांची रीघ लागली. मी राजा नाही, पण पारावर मी बोललो तेव्हा दोघांनी घरी येऊन दार लावून घेतलं आणि आपलं सांगितलं.

११. गळतं म्हणजे मोकळं होतं, असं समजू नका

कधी कधी मूत्राशय गच्च भरलेलं असतं, वाट अरुंद झालेली असते, आणि भरून वाहिल्यासारखे थेंब येत राहतात. धार बारीक झाली, जोर करावा लागायला लागला, ओटीपोट फुगलं, तर सोनोग्राफी करून लघवीनंतर आत किती राहते ते बघायलाच हवं. थंडी वाजून ताप, लघवीत रक्ताच्या गुठळ्या, लघवी पूर्ण बंद: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच गाडी काढा.

१२. वर्षानंतरही राहिली तर

तरी उपाय संपत नाहीत. मूत्रनळीखाली पट्टी बसवून तिला आधार देणारं ऑपरेशन आहे. त्याहून जास्त गळतीसाठी कृत्रिम झडप असते: मूत्रनळीभोवती पाण्यानं भरलेलं कडं आणि अंडकोषाच्या पिशवीत छोटा पंप. तो दाबला की कडं सैल होतं, लघवी होते, मग ते आपोआप पुन्हा आवळतं. १९७० च्या दशकापासून ही झडप वापरात आहे. खर्च लाखांत जातो आणि ते काम मोठ्या शहरातल्या अनुभवी सर्जनचं आहे. सहा महिने ते वर्षभर व्यायाम केल्याशिवाय बहुधा कुणी त्याचा विचार करत नाही. पण अशी वस्तू आहे हे रुग्णाला माहीत असायला हवं. ओल्यातच मरायचं असं मनाशी ठरवून बसलेला एक माणूस मला भेटला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

१३. शेवटी एका डब्याची मागणी

ओलं पॅड बदललं, आता टाकायचं कुठं? बायकांच्या स्वच्छतागृहात कुठं कुठं झाकणाचा डबा असतो. पुरुषांच्या स्वच्छतागृहात तो मी पाहिलेला नाही. मग ते पॅड कागदात गुंडाळून, पिशवीत घालून दिवसभर काखेत मारून फिरायचं, नाहीतर काही जण करतात तसं भांड्यात टाकून मोरी तुंबवायची. ब्रिटनमध्ये प्रोस्टेट कॅन्सर यूके या संस्थेनं 'बॉइज नीड बिन्स' नावाची मोहीम एवढ्याच मागणीसाठी चालवली. आपल्याकडंही २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर आणि पॅड नीट गुंडाळून द्यायचे आणि त्यासाठी कंपन्यांनी पिशवी पुरवायची असं लिहिलेलं होतं. गुंडाळतो आम्ही, पण डबा हवा. जिल्ह्यातल्या बसस्थानकांवर, तालुक्याच्या दवाखान्यांत, बाजार समित्यांत आणि मंगल कार्यालयांत पुरुषांच्या बाजूला झाकणाचा एक डबा ठेवावा, आणि तो रिकामा करणाऱ्या माणसाला हातमोजे द्यावेत, एवढी संबंधितांना विनंती आहे.